गाडी आवाज करतेय? कसला ते राहू द्या, कधी करते ते बघा

इंदूरमध्ये कोणी नवीन गाडी शिकला किंवा सेकंडहँड गाडी घेतली की महिन्याभरात त्याचा फोन येतोच, "दादा, गाडीतून खडखड येतेय, किती खर्च येईल?" आता नुसत्या खडखडीवर मी काय सांगणार आणि मिस्त्री तरी काय सांगणार. खडखड डिकीत सुट्या पडलेल्या जॅकची पण असते आणि नट ढिले झालेल्या चाकाची पण असते, पहिल्यात खर्च शून्य आणि दुसऱ्यात जीवाशी खेळ. आपण सगळे आवाज कसला आहे ते सांगण्यातच दम घालवतो, तोंडाने काढून दाखवतो, टक टक नाही हो, टॉक टॉक, थोडं अजून जाड. त्याचा उपयोग आहे, पण थोडासाच. मिस्त्रीला खरं हवं असतं ते आवाज कधी येतो, कशाबरोबर वाढतो आणि काय केलं की बंद होतो. एवढं जरी नीट बघून गेलात ना तरी अर्धं निदान घरीच झालेलं असतं, आणि मग "भिया, शॉकअप बदलना पड़ेंगे" असं कोणी गाडी न चालवताच म्हणालं तर तुम्हाला दोन प्रश्न तरी विचारता येतात.

मी काही गॅरेजवाला नाही, पण आमच्या लोकमान्य नगरात कोणाची गाडी कुरकुरली की बाजूच्या सीटवर बसायला मला बोलावतात, त्यातून जे जमलंय ते नवीन लोकांसाठी लिहितोय. पाना-स्क्रू ड्रायव्हर फारसं लागणार नाही, कान, हात, एक टॉर्च, मोबाईल आणि सोबत एक माणूस, बस.

सगळ्यात आधी, कोणत्या आवाजावर गाडी चालवायचीच नाही

हे आधी लिहितोय कारण बाकीचं वाचायला वेळ मिळो न मिळो.

चाकाचं काही काम झालंय, पंक्चर काढलंय, टायर बदललेत, आणि त्यानंतर एखाद दिवसात हळू स्पीडला लयीत ठक-ठक आणि स्टीअरिंगला डगमग आली, तर तिथेच बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. ढिले निघाले तर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, ओळीने गोल गोल नाही. खरं तर चाक काढून लावल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की नट परत एकदा आवळून घ्यायचेच असतात, पण हे कोणी करत नाही.

इंजिनातून जड ठोकल्यासारखा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा, आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा, तर इंजिन लगेच बंद. घरापर्यंत नेऊ, पुढच्या चौकापर्यंत नेऊ, असं नाही, टोइंग बोलवा. ऑइलचं प्रेशर नसताना इंजिन चालवलं की मेटलवर मेटल घासतं आणि मग हजारांचं काम लाखात जातं.

ब्रेक लावल्यावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र येतोय आणि तो दोनचार ब्रेकनंतर पण जात नाहीये, तर पॅड संपलेत, आता डिस्क खाल्ली जातेय. टायरच्या बाजूला फुगा आलाय, तर तो टायर आजच काढा, फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले आहेत आणि बायपासला शंभरने जाताना तो कधी फुटेल ते कोणाच्या हातात नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाही तर लुकलुकतोय आणि गाडी थरथरतेय, तर इंजिन मिसफायर करतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन त्याची वाट लावतं, अशा वेळी पाय हलका ठेवून बाजूला थांबायचं. सीएनजी गाडीत सिसकारीसारखा आवाज आणि गॅसचा वास एकत्र आला तर काचा उघडा, गाडी बंद, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि आधी माणसं बाहेर.

बाकीच्या आवाजांना एक-दोन दिवस मिळतात, त्यात तपासायचं.

पायरी १, गाडी रिकामी करा

हसू नका, पण यातच निम्मे आवाज मरतात. डिकीतलं सगळं बाहेर काढा, जॅक, टूलकिट, स्टेपनीचा बोल्ट हाताने फिरवून बघा ढिला आहे का. दाराच्या खणातल्या बाटल्या, चिल्लर, चष्म्याचा डबा, मागच्या सीट बेल्टचं बक्कल जे प्लॅस्टिकवर आपटत राहतं, नंबर प्लेट, वायपर, बोनेट टेकवायची दांडी. आमच्या एका आत्याच्या गाडीत पुण्याला जाताना धुळ्यापर्यंत मागून खणखण येत होती, तिने रस्त्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने मागचे दोन्ही शॉकअप गेलेत असं सांगितलं, प्रत्यक्षात निघाले भाच्यासाठी नेलेले शेवेचे दोन स्टीलचे डबे, एकमेकांना खेटून. सीटखालून बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते हा वेगळाच धोका आहे, तोही त्याच वेळी निपटतो.

रिकामी गाडी घेऊन परत त्याच रस्त्यावरून जा. आवाज गेला तर अभिनंदन, इथे वाचणं थांबवा.

पायरी २, गाडी उभी ठेवून

हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, बोनेट उघडा आणि सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना ऐका. थंड इंजिनचा आवाज फक्त दिवसाच्या सुरुवातीला मिळतो, मिस्त्रीकडे पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि आवाज गायब, मग तो म्हणतो कुठे काय आहे. त्यामुळे हा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवाच. ओढणी, उपरण्याचं टोक, सैल बाह्या इंजिनपासून लांब, आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असताना पण आपोआप फिरायला लागू शकतो, तिथे बोट घालायचं नाही.

स्टार्ट केल्यावर चूंssss करून काही सेकंदात बंद होतं, पावसात जास्त, हेडलाईट आणि एसी एकदम लावला की परत येतं, तर तो बेल्ट. सोबतच्या माणसाला लांबून बेल्टच्या खाचांवर थोडंसं पाणी उडवायला सांगा, स्प्रेच्या बाटलीने. आवाज क्षणभर बदलला तर बेल्ट किंवा त्याची पुली किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) नक्की, काहीच फरक नाही तर शोध दुसरीकडे, म्हणजे अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) बेअरिंग, वॉटर पंप वगैरे. बेअरिंगचा आवाज कोरडा आणि एकसारखा असतो, आणि इंजिन फिरेल तसा चढतो. रबरी नळीचा दोनेक फूट तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं टोक फिरत्या भागापासून लांब ठेवून एकेका जागेकडे न्या, जिथे आवाज एकदम मोठा होतो तिथे तो आहे. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचंच हे काम, आणि जुने मिस्त्री अजूनही असंच ऐकतात.

इंजिनच्या वरून बारीक टिक टिक टिक, ॲक्सिलरेटर दाबला की जलद होणारं, ते टॅपेटचं (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) असतं, थंड असताना मिनिटभर येऊन जात असेल तर घाबरायचं नाही, पण आधी ऑइलची काडी काढून लेव्हल बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटांनी, काडी पुसून परत घालून मग. नवीन लोकांना हे माहीतच नसतं, सर्व्हिसला दिली म्हणजे ऑइल आहेच असं समजतात.

आता इंजिन हळूहळू दोन-अडीच हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) न्या. जर आवाज इथेच, उभ्या गाडीत येतोय, तर चाकं, बेअरिंग, टायर सगळे निर्दोष सुटले. एका ठरावीक आरपीएमला पत्र्यासारखी झिर्रर्र येते आणि त्याच्या खाली-वर गायब होते, तर तो बहुतेक वेळा सायलेन्सरवरचा उष्णता अडवायचा पत्रा असतो, त्याचा बोल्ट गंजून गळलेला असतो. गाडी पूर्ण थंड झाली की सायलेन्सरवर मुठीने हलकं ठोकून बघा, तोच आवाज आला की सापडला. स्वस्त काम आहे, क्लॅम्प लावून होतं. पण इंजिनजवळून फट फट असा फुसकारा येत असेल आणि आत धुराचा वास येत असेल तर तो पत्रा नाही, एक्झॉस्ट लीक आहे, काचा बंद करून एसीत बसायचं नाही कारण त्यातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही.

क्लचचं एक सोपं आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबलं की आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबलं की बंद, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, याचं बिल मोठं येतं त्यामुळे दोनदा खात्री करा.

उभ्या गाडीतली थरथर हा वेगळा विषय. लाखो लोक अल्टो के-टेन, एक लिटरची वॅगन आर, क्विड, टियागो चालवतात, यांची इंजिनं तीन सिलेंडरची. चार सिलेंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेट घेतं, तीनवालं दीडदा, म्हणून उभं असताना त्याचा धक्का जरा विरळ आणि जाड वाटतो. चार सिलेंडरवाल्या गाडीतून उतरून तीनवालीत बसलं की "काहीतरी बिघडलंय" असं वाटतंच, ते बिघडलेलं नसतं. बिघडलंय कधी म्हणायचं, तर तुमची हीच गाडी सहा महिन्यांपूर्वी एवढी थरथरत नव्हती आणि आता सिग्नलला आरसा पण हलतोय. मग दोन रस्ते. आरपीएमचा काटा एका जागी स्थिर आहे आणि तरी थरथर आहे, रिव्हर्स टाकताना धप्प बसतं, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरावर इंजिन टेकलेलं असतं ते. काटाच वरखाली नाचतोय, गाडी मध्येच अडखळते, तर प्लग, कॉइल, इंजेक्टर, त्याबाजूचं काम, तिथे स्कॅनर लावल्याशिवाय कोणालाच काही बदलू देऊ नका.

पायरी ३, गाडी चालवून, आणि हाच मुख्य भाग

आपल्याकडून अर्ध्या-पाऊण तासावर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, गाड्या तपासायचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्याला तिथे कोण सोडणार, आपला ट्रॅक म्हणजे रविवारी सकाळी सहाचा सुपर कॉरिडॉर. रुंद, सरळ, आणि त्या वेळी मागे हॉर्न वाजवणारं फार कोणी नसतं. गाडी एकाने चालवायची, ऐकायचं आणि लिहायचं दुसऱ्याने. चालवणाऱ्याने मोबाईल हातात घेतला तर तपासणीच बंद, घरी चला.

म्युझिक बंद, एसी बंद, काचा वर. ५० चा स्पीड धरा, तिसऱ्या गिअरमध्ये. आता स्पीड तोच ठेवून चौथा टाका. गिअर बदलल्यावर इंजिनचे आरपीएम खाली आले, चाकं मात्र तेवढीच फिरतायत. आवाजाचा सूर खाली आला तर तो इंजिनाच्या बाजूचा, सूर होता तसाच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. इतकी साधी टेस्ट आहे आणि इतकी कामाची, पण गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर ती होतच नाही.

मग मागेपुढे कोणी नसेल तर ७० ला ॲक्सिलरेटर सोडून द्या आणि क्लच दाबून गाडी वाहू द्या. आवाज चालूच राहिला तर टायर, बेअरिंग. सोडल्याबरोबर थांबला तर जोर लागतो तिथे काहीतरी आहे, आतला एक्सल जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा गिअरबॉक्सकडचा सांधा), गिअरबॉक्स, फाउंडेशन. ऑटोमॅटिक असेल तर नुसता पाय उचला, लिव्हरशी खेळू नका. आणि गाडी पळत असताना किल्ली बंद करून ऐकायचा प्रकार काही लोक यूट्यूबवर बघून करतात, तो अजिबात नाही, ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टीअरिंग जड होतं आणि किल्ली निघाली तर लॉक पण होऊ शकतं.

आता चाकांचं. १७५/६५ आर १४ हा साधा टायर घ्या, त्याचा घेर साधारण १.८३ मीटर, म्हणजे ८० च्या स्पीडला तो सेकंदाला बारा वेळा फिरतो. त्याच वेळी इंजिन २४०० आरपीएमला असेल तर ते सेकंदाला चाळीस फेऱ्या मारतंय. म्हणून चाकाची थरथर जाड असते, हाताला मोजता येईल अशी वाटते, आणि इंजिनाची बारीक, मुंग्या आल्यासारखी. साधारण ७० ते ११० च्या मध्ये कुठेतरी सुरू होऊन पुढे कमी होणारी थरथर म्हणजे बॅलन्सिंग. स्टीअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट आणि फरशी थरथरली तर मागची. बरेच लोक याला अलाइनमेंट समजतात, अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडा झिजतो, थरथर हे त्याचं काम नाही.

आणि इथे आपल्या माळव्याची काळी माती येते. पावसाळ्यात देपालपूरकडे किंवा सांवेरकडे कोणाच्या शेतावर गेलात, गाडी दोन फूट कच्च्यात उतरवली, परत आल्यावर पाइपने धुतली, बाहेरून चकाचक. दोन दिवसांनी बायपासला ८० वर स्टीअरिंग थडथडायला लागतं. टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला बघा, बाहेरून नाही, रिमच्या आतल्या कडेला, सस्पेन्शनच्या बाजूने. ती माती तिथे एकाच बाजूला बसलेली असते, वीतभर लांब, वाळून अशी घट्ट की नख लागत नाही. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमच्या हिशोबाने वजनं लावतो आणि इथे एका कडेला पाव किलो माती चिकटलेली. लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडाने नको नाहीतर तिथलीच बॅलन्सिंगची जुनी वजनं उखडतील, मग पाणी मारा आणि परत चालवून बघा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच जातं. गाडी पंधरावीस दिवस उभी होती आणि आता थडथडतेय, तर टायर जमिनीवर टेकून चपटे झालेत, थोडं पळवलं की गरम होऊन गोल होतात, हवा मात्र आधी बघून घ्या.

दुसरा नेहमीचा गोंधळ म्हणजे हूंssss असा आवाज, स्पीडबरोबर वाढणारा, टायर की बेअरिंग. दोन्ही सारखेच ऐकू येतात, चांगले चांगले मिस्त्री फसतात. वेगळं करायचं असं. इंदूरमध्ये सिमेंटचे रस्ते खूप झालेत, सिमेंटवरून डांबरावर गाडी आली की टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते तसंच घुमत राहतं. मग रिकाम्या रस्त्यावर ५०-६० ला हलकेच डावीकडे, मग उजवीकडे वळवा, लेन बदलल्यासारखं. डावीकडे वळलात की गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढलं तर बहुतेक उजवं बेअरिंग, उलट असेल तर डावं. लक्षात ठेवा, ज्या बाजूला वळता त्याच्या उलट बाजूचं. टायरवर हात पण फिरवा, पुढून मागे आणि मग मागून पुढे, एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, किंवा खड्डा-उंचवटा खड्डा-उंचवटा लागला, तर टायर बोलतोय. तरी शंका असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघा, आवाज जागा बदलून मागे गेला तर टायर, जिथे होता तिथेच राहिला तर बेअरिंग. खाचांमध्ये तळाशी छोट्या रबरी पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलीमीटर राहिलं, मग तपासायची गरजच नाही, बदला.

आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून तेच कळत नसेल तर काच खाली करून भिंतीच्या किंवा फ्लायओव्हरच्या कठड्याच्या जवळून हळू जा, भिंतीकडच्या बाजूचा आवाज आपटून परत येतो. रामबागेच्या अरुंद गल्लीत हे फुकटात होतं.

पायरी ४, खड्डे आणि ब्रेकर

एका गोष्टीकडे लक्ष द्या, दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तेव्हा आवाज येतो की एकच चाक उचललं जातं तेव्हा. स्पीडब्रेकर सरळ, दोन्ही चाकं एकत्र, हळू. मग एखाद्या खड्ड्यातून फक्त डावं चाक, मग फक्त उजवं.

पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, वळणावर गाडी झुकू नये म्हणून. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की त्याला काही करावं लागत नाही, एकच गेलं की तो पिळला जातो. त्यामुळे सरळ ब्रेकरवर शांत आणि एका चाकाच्या खड्ड्यात टक-टक, तर आधी त्या बारचे लिंक रॉड आणि बुश (रबरी कड्या) बघायचे. शॉकअपच्या नावाखाली जेवढे पैसे जातात त्यातले बरेच या बोटभर जाडीच्या लिंक रॉडचे असतात, हे माझं ठाम मत आहे. बघायचं कसं, इंजिन बंद करण्याआधी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे चाकामागे हात जाईल, मग इंजिन बंद, गाडी चारही चाकांवर उभी, जॅक नाही. चाकामागे उभा पातळ रॉड दिसेल, वर-खाली गोळ्यासारखे दोन जॉइंट, रबराची टोपी. मुठीत धरून जोरात पुढेमागे हलवा. चांगला असेल तर घट्ट, मेलेला असेल तर टक टक थेट तळहातात लागते आणि टोपी फाटून त्यातलं ग्रीस वाळलेलं दिसतं.

ब्रेकर उतरल्यावर गाडी दोनतीनदा डुलत राहते, शॉकअपच्या नळीवर ऑइल ओघळून धूळ चिकटलीये, तर ते खरंच शॉकअप. उभ्या गाडीत स्टीअरिंग वळवताना स्प्रिंगमधून टुंग, तर शॉकअपच्या वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) बुश गेला की ब्रेक लावताना आणि सोडताना एकेक धप्प येतो, यासाठी मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेऊन लांब पहारीने हलवून बघितलं पाहिजे.

पायरी ५, वळण

मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून, हळू, गोल. कट-कट-कट-कट, पाय दाबला की जलद, तर बाहेरचा एक्सल जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर त्याचं रबरी बूट फाटलंय. बूट नुकतंच फाटलंय आणि आवाज अजून नाहीये तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं, म्हणून सर्व्हिसच्या वेळी गाडी लिफ्टवर असताना खाली वाकून बघायची सवय लावा. ईको, बोलेरोसारख्या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत लांब शाफ्ट असतो, तिथे गिअर टाकताना ठण् होतं, ते त्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे.

पायरी ६, ब्रेक

सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर, विशेषतः पावसात किंवा गाडी धुतल्यावर, तो डिस्कवरचा गंज, जातो. बारीक चीं चीं रोज येते आणि वाढतेय, तर पॅड संपत आलेत, बऱ्याच पॅडवर मुद्दाम एक पत्र्याची जीभ ठेवलेली असते जी झिजल्यावर डिस्कला घासून ओरडते. ब्रेक न लावता एकसारखी किर्रर्र आणि ती कच्च्या रस्त्यानंतर सुरू झालीये, तर डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय, थोडं रिव्हर्स घेतलं की कधी कधी पडतो. ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली उड्या मारतं, स्टीअरिंग पण हलतं, तर डिस्कची जाडी असमान झालीये. भेरूघाट किंवा मानपूरपुढचा उतार टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबून उतरणाऱ्यांच्या डिस्कवर हा अत्याचार होतो, खालचा गिअर टाका, इंजिनच गाडी धरतं. एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थडथडलं तर ते एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काम करतंय, पाय उचलू नका.

दहा मिनिटं चालवून उतरलात की चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एकच चाक भट्टीसारखं गरम आणि जळका वास, तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकलाय.

घाटाचा विषय निघालाच आहे तर, चढावर चौथ्यात गाडी रेटताना वाळू हलवल्यासारखी कडकड येते ती बहुतेक चुकीच्या गिअरची, खाली टाका, गेली तर विषय संपला. योग्य गिअरमध्ये पण येतेय तर दाखवा.

मिस्त्रीकडे जाताना

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून स्वतः काही करायचं नाही, स्टँड नसेल तर चाक हलवून बघण्याचं काम पण त्याच्यावर सोडा. तुम्ही कागद न्या. लिहायचं एवढंच: थंड की गरम, स्पीड किती, गिअर कोणता, सरळ की वळताना, ब्रेकवर की पाय सोडल्यावर, एकटे होतात की पाच जण बसले होते, आणि त्याआधी गाडीचं शेवटचं काम काय झालं होतं. हे शेवटचं कधीच विसरू नका, टायर बदलल्यानंतर, बॅटरी बदलल्यानंतर, सीट कव्हर लावल्यानंतर सुरू झालेला आवाज त्याच कामाशी जोडलेला असण्याची शक्यता खूप असते. सोबत मोबाईलचं रेकॉर्डिंग.

देवास नाक्यावर दाखवा, शोरूमला दाखवा नाहीतर घराजवळच्या ओळखीच्याकडे, पण पहिली अट एकच, "उस्ताद, पहले एक चक्कर साथ में लगा लो". गाडी न चालवता जो पार्टची यादी सांगतो त्याला नमस्कार करून निघा. एका वेळी एकच पार्ट बदलायचा, लिंक रॉड, शॉकअप, लोअर आर्म, माउंट असं सगळं एकदम बदललं की आवाज जातो खरा, पण गेलेलं काय होतं ते कोणालाच कळत नाही आणि बिल चौघांचं. जुना पार्ट परत मागा, हातात घेऊन हलवून बघा, ढिला नसेल तर विचारा हा का बदलला. काम झालं की पैसे द्यायच्या आधी त्याच रस्त्यावरून, त्याच स्पीडला, त्याच गिअरमध्ये परत एक चक्कर, आणि आवाज गेला नसेल पण बदललेला वाटत असेल तर तेही कागदावर लिहून घ्या, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची आहे.